धनुष्यासोबत हात आणावा

२००५ सालचा नोव्हेंबर, महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सहाशे चाळीस युरो. हजर माणसं चार: घरमालक भास्कर सामंत, त्यांची पत्नी हेल्गा, समोरच्या घरातले क्राउझ, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, म्हणजे मी. जागा न्युरेम्बर्गजवळच्या एका गावातलं सामंतांचं स्वयंपाकघर. टेबलावर क्राउझनी हंगेरीहून आणलेला एक कागद होता. शिंगांचं एक मोठं हरीण त्यांच्या बाणाने जखमी झालं, दोन दिवस कुत्रा लावून शोधलं, सापडलं नाही. त्या रानाच्या नियमाप्रमाणे जनावर मिळो न मिळो, जखम केल्याची रक्कम भरावीच लागते. ती सहाशे चाळीस.

सामंतांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग क्राउझना विचारलं, रक्त किती पावलं दिसत होतं? क्राउझ म्हणाले, चारशेच्या आसपास, पुढे तळ्याकाठचं उंच गवत लागलं. सामंतांनी कागदाची नीट घडी घालून ती आपल्या खिशात ठेवली आणि सांगितलं की हे पैसे तेच भरणार.

हेल्गाकाकूंच्या हातातला कप तसाच राहिला. मी सगळ्यांत जास्त हादरलो होतो. क्राउझचं धनुष्य ज्या हातावर जुळवलं होतं तो हात टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर होता, आणि क्राउझना ते ठाऊक नव्हतं.

सामंत मूळचे सांगलीचे. सदुसष्ट साली जर्मनीत आले आणि चौतीस वर्षं एका कारखान्यात साचे बनवत राहिले. आम्ही २००२ मध्ये त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला तेव्हा ते निवृत्त झालेले होते. घराचा ताबा देण्याघेण्याला तिकडे युबरगाबे म्हणतात. त्या वेळी भिंतीवरचा ओरखडा न् ओरखडा लिहून दोघांनी सही करायची असते. बहुतेक घरमालक अर्ध्या तासात हे उरकतात. सामंतांनी तीन तास घेतले. दार आणि फरशी यांच्यामधली फट त्यांनी पट्टीने मोजली, चार मिलिमीटर लिहिली, मग परत मोजली आणि साडेचार केली. माझी बायको मंजिरी माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, तुमचा थोरला भाऊ सापडला." मीही कारखान्याच्या मोजमाप विभागात काम करतो. मला तो माणूस तिथेच आवडला.

त्यांचं मराठी सदुसष्ट सालातच थांबलेलं होतं. सिनेमाला ते बोलपट म्हणत. मात्र प्रत्येक वाक्याच्या आधी "आल्झो" यायचं, आणि एखादी गोष्ट पटली की "गेनाऊ." अंगात कायम निळा कामाचा कोट, वरच्या खिशात व्हर्नियर. त्या व्हर्नियरने ते काहीही मोजत. हेल्गाकाकू बटाट्याचे गोळे उकडत तेव्हा त्यातला एक ताटात बाजूला काढून त्याचा व्यास मोजत आणि म्हणत, आज बासष्ट. गेल्या रविवारी अठ्ठावन्न. काकू त्यांना पळीने मारायचा आव आणत.

राहायला येऊन पंधरा दिवस झाले असतील. एका शनिवारी सकाळी तळघरातून थप्, थप् असा आवाज येऊ लागला. मध्ये दहा-दहा मिनिटं शांतता. मंजिरीने मला बघायला पाठवलं.

खाली सामंत उभे होते. समोर दोन मीटरवर लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचं पान ताणून बसवलेलं, त्यामागे फोमचा मोठा ठोकळा. शेजारी एक दांडगा जर्मन माणूस, त्याच्या हातात मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं धनुष्य. दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून आडव्यातिडव्या दोऱ्या. कंपाऊंड बो म्हणतात त्याला. त्या माणसाने बाण सोडला, तो कागदातून आरपार जाऊन ठोकळ्यात रुतला. सामंत बाणाकडे बघायला गेलेच नाहीत. ते कागदाला पडलेल्या भोकाकडे गेले आणि नाक लावून बसले.

"या कुलकर्णी, हे बघा," असं म्हणून त्यांनी मला जवळ बोलावलं. कागद एका बाजूला दोन सेंटिमीटर फाटलेला होता. बाण सरळ गेला तर टोकाचं गोल भोक पडतं आणि त्याच्याभोवती शेपटीच्या तीन पिसांच्या तीन चिरा. फाटलं, तर बाण शेपूट हलवत गेला. कुठल्या बाजूला फाटलं त्यावरून कळतं, बाण टेकायचा आधार कुठे सरकवायचा. त्यांनी आधार अर्धा मिलिमीटर सरकवला. पुन्हा बाण. फाटलेलं अर्ध्यावर आलं. पुन्हा अर्धा. अशी नऊ पानं झाली. दहाव्या पानावर स्वच्छ गोल भोक आणि तीन चिरा. सामंतांनी ते पान चौकटीतून काढलं, तारीख घातली आणि त्या माणसाला भेट दिलं. पैसे घेतले नाहीत. ते कधीच घेत नसत.

पुढच्या शनिवारपासून मी खाली जाऊ लागलो. सुरुवातीला नुसता आकडे लिहून घ्यायला: बाणाचं वजन, दोरीची खेच म्हणजे ती माणूस किती मागे ओढतो ते, आधाराची जागा. मग त्यांनी मला धनुष्य धरायला शिकवलं. मूठ आवळायची नाही. धनुष्य अंगठ्याच्या बुडाशी नुसतं टेकवायचं, बोटं सैल. आवळलं की धनुष्य वळतं, आणि वळलं की बाणही वळतो. माझा पहिलाच बाण दोरी पुरती ओढण्याआधी सुटला आणि छताच्या दिव्याची काच घेऊन गेला. मी कपाळाला हात लावला. सामंतांनी काच झाडली, वही काढली आणि लिहिलं: तळघर, दिव्याची काच, कुलकर्णी. मी पाकीट काढलं तर म्हणाले, आत्ता नाही, घर सोडाल तेव्हा युबरगाबेला बघू.

तळघराच्या दारावर एक पाटी होती, जर्मनमध्ये, त्यांच्या सुबक अक्षरात: धनुष्यासोबत हात आणावा. मला वाटलं गंमत आहे. त्या हिवाळ्यात न्युरेम्बर्गच्या एका वकिलाने आपलं महागडं धनुष्य ऑफिसातल्या मुलीबरोबर पाठवलं. सामंतांनी मुलीला चहा दिला, काकूंनी केक दिला, आणि धनुष्य जसंच्या तसं परत. वकिलाचा फोन आला. सामंत ऐकून घेत होते, मग शांतपणे म्हणाले की आपण एक वस्तू पाठवायची विसरलात. आठवड्याने वकीलसाहेब स्वतः आले, तणतणतच आले. दोन तास तळघरात उभे राहिले आणि जाताना गोल भोकाचं पान दोन्ही हातांनी धरून गेले. दर नाताळला त्यांच्याकडून मसाल्याच्या केकचा डबा येऊ लागला.

त्या दिवशी सामंतांनी मला समजावलं होतं. "आल्झो, धनुष्य एक, बाण एक, माणसं दोन. भोकं दोन पडतात, कुलकर्णी. म्हणून मी धनुष्य जुळवत नाही. मी माणसाला धनुष्य जुळवून देतो." हे मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. लिहून ठेवलेलं असूनही मी काय केलं ते पुढे येतंच आहे.

मला त्या घरात बसलेला पहिला मोठा धक्का त्या रविवारचा नव्हे. जर्मनीत धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. क्लबाच्या मैदानावर लोक फोमच्या डुकरांवर आणि फोमच्या हरणांवर नेम धरतात, तेवढंच. मी तसंच धरून चाललो होतो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. दीड वर्षाने एका शनिवारी सामंतांनी खणातून एक चपटी डबी काढली. आत बाणाची सहा टोकं, प्रत्येकाला तीन पाती, दाढीच्या पात्यासारखी. मी विचारलं, ही फोमसाठी? ते म्हणाले, नाही, ही हंगेरीसाठी. तिथे परवानगी आहे. इथली माणसं वर्षातून एकदा तिथे जातात.

मी तळघराच्या पायरीवर बसलो. दीड वर्षं मी ज्या आकड्यांची टिपणं ठेवत होतो, ती सगळी जिवंत जनावराकडे जाणारी होती. इतकं साधं आपल्या लक्षात येऊ नये? मी थोडा चढ्या आवाजातच विचारलं, काका, तुम्ही स्वतः मटण खात नाही, मग हे कशाला?

त्यांनी डबी बंद केली. "बाण सुटणारच आहे. मी दार लावून बसलो तरी सुटणार आहे. वाकडा गेला तर ते जनावर दोन दिवस मरतं. सरळ गेला तर त्याला कळतही नाही. या दोहोंत माझा अर्धा मिलिमीटर आहे. तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

मी तीन शनिवार गेलो नाही. चौथ्या शनिवारी मंजिरीच म्हणाली की जा, पण ती पाती जिन्याच्या वर येता कामा नयेत. मुलगी इरा तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिने विचारलं, ओपा सामंत, म्हणजे सामंत आजोबा, हरणं मारतात का? मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, तरी पूर्ण उत्तर नव्हतं.

आता क्राउझ. ते लोहमार्गावर सिग्नल दुरुस्तीचं काम करत, पाळीपाळीने. दहा-बारा हिवाळे त्यांनी सामंतांच्या दारातलं बर्फ न सांगता काढलं होतं. २००५ च्या उन्हाळ्यात हेल्गाकाकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सहा आठवडे त्यांना व्यायामासाठी नेण्या-आणण्याचं काम क्राउझच करत होते. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा हंगेरीची सहल ठरवली. पैसे भरले, तारीख ठरली. आणि निघायच्या आठवड्यात साथीदार आजारी पडल्याने त्यांना दुहेरी पाळी लागली. सोमवारी कामावर जाता जाता त्यांनी धनुष्य दारात ठेवलं आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाले, सामंत, मला शुक्रवारपर्यंत एक तासही नाही.

सामंतांनी धनुष्य आत घेतलं, पण तळघरात नेलं नाही. दोन दिवस ते दिवाणखान्यात भिंतीला टेकून होतं. पाटी त्यांनीच लिहिलेली होती. बुधवारी मी कामावरून लवकर आलो. ते धनुष्यासमोर खुर्ची टाकून बसलेले होते.

तेव्हा मी बोललो. मला वाक्य जसंच्या तसं आठवतं. "काका, क्राउझची खेच बहात्तर सेंटिमीटर आहे. माझीही बहात्तर. उंचीही सारखी. माझ्या हातावर जुळवा की."

वही काढून त्यांनी माझा आकडा पाहिला, क्राउझचा पाहिला. माझा हात ताणून पुन्हा मोजला. बहात्तर. मला त्यांच्या कपाळावरची आठी सैल होताना दिसली आणि मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत मी त्यांच्या काही उपयोगी पडलो होतो.

तळघरात अकरा पानं झाली. मग क्लबाच्या मैदानावर कोणी नसताना तीस मीटरवरून त्यांच्या फोमच्या ठोकळ्यावर आधी साध्या टोकांचे तीन बाण, नंतर पात्यांच्या टोकांचे तीन. पाती लावलेला बाण मी त्याआधी कधी सोडला नव्हता. पात्यांना वारा लागतो, त्यामुळे बारीकशी चूकही तिथे मोठी होते. माझे सहाच्या सहा बाण तीन बोटांच्या जागेत. सामंत "गेनाऊ" म्हणाले, पण एकदाच, आणि सावकाश. गोल भोकाचं पान त्यांनी क्राउझच्या पत्रपेटीत टाकलं. क्राउझनी निघायच्या आधी वीस मीटरवरून साध्या टोकाचे तीन बाण मारून पाहिले. जरासे डावीकडे, पण तळहातात मावतील असे. त्यांना वाटलं, दमलोय.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

त्या रविवारी क्राउझ पैशांना कबूल होईनात. बाण मी सोडला, रक्कम मी भरणार, यावर ते अडून बसले. सामंत म्हणाले, उद्या सकाळी मैदानावर ये, मोजू, मग ठरवू. मलाही या म्हणाले. मी सोमवारी रजा टाकली.

थंडी कडक होती. तीस मीटर, तोच ठोकळा, तेच धनुष्य. आधी मी. पात्यांचे तीन बाण, मध्यभागी, एकमेकांना चिकटून. मग क्राउझ. त्यांनी धनुष्य उचललं आणि मला लांबूनच दिसलं. रेंच पकडावा तशी त्यांची मूठ. चार बोटं घट्ट, पांढरी पडलेली. वीस वर्षं लोखंडाचे बोल्ट आवळणारा हात होता तो. साध्या टोकांचे तीन बाण चार सेंटिमीटर डावीकडे गेले. पात्यांचे तीन ठोकळ्याच्या कडेला. सामंतांनी पट्टी लावली. एकदा, दोनदा, तीनदा. एकोणीस सेंटिमीटर.

त्यांनी क्राउझना विचारलं, हरीण कुठल्या बाजूला तोंड करून उभं होतं?

उजव्या, क्राउझ म्हणाले.

तिघांनाही हिशोब आला होता. उजवीकडे तोंड असलेल्या हरणावर एकोणीस सेंटिमीटर डावीकडे म्हणजे फुप्फुस चुकून पोट. आणि पोटात बाण बसलेलं जनावर चारशे पावलांत पडत नाही. बहात्तर आणि बहात्तर सारखे असतात हे मी त्यांना सांगितलं होतं. हाताचा एक आकडा मी घेतला आणि मूठ सोडून दिली. मोजमाप विभागात चौदा वर्षं काढलेल्या माणसाने.

क्राउझ हळू आवाजात म्हणाले, याच्या हातात ते बरोबर चालतं. मग सामंतांकडे वळून त्यांनी विचारलं, कुणाच्या हातावर जुळवलं होतंस?

सामंत म्हणाले, "माझ्या."

तीन वर्षांत मी त्या माणसाच्या तोंडून चुकीचा आकडा ऐकला नव्हता. बटाट्याच्या गोळ्याचासुद्धा नाही. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता, पट्टी पुसत, मराठीत सांगितलं, "कुलकर्णी, तुमचा आकडा बरोबर होता. पाटी माझी होती. आता काही बोलू नका."

आणि मी बोललो नाही. क्राउझना मराठी येत नव्हतं. त्यांनी धनुष्य पिशवीत घातलं. पैसे भरायला त्यांनी आता हरकत घेतली नाही. चार दिवसांनी बर्फ पडलं, ते त्यांनी नेहमीसारखं काढलं. पण बेल वाजवून चहाला ते आले नाहीत, त्या हिवाळ्यात एकदाही नाही. ते मला वरच्या खिडकीतून दिसत असे.

सामंत त्याच सोमवारी बँकेत गेले. नंतर आठवडाभर रोज दुपारी ते हंगेरीतल्या त्या रानाच्या कचेरीत फोन करत. तिथल्या माणसाला थोडंफार जर्मन येई. सापडलं का? नाही. कावळे कुठे जमलेत का? नाही. काकू मला जिन्यात म्हणाल्या, पैसे गेल्याचं त्याला काही नाही, तो त्या गवतातच बसलाय. आठव्या दिवशी त्यांनी खाली राहिलेली तीन माणसांची धनुष्यं ज्याची त्याला परत पोचवली, तळघराच्या दारावरची पाटी काढली आणि तिच्या खिळ्यांची भोकं भरून त्यावर रंग दिला. वकील आले होते, विनवून गेले. उपयोग झाला नाही.

मी दोनदा त्यांच्याकडे पैशांचा विषय काढला. पहिल्यांदा त्यांनी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा उठून बागेत गेले.

२००८ च्या वसंतात मला बॉबलिंगेनला नोकरी मिळाली आणि आम्ही घर सोडलं. पुन्हा युबरगाबे. पुन्हा तीन तास. दाराखालची फट त्यांनी मोजली, अजून साडेचार होती, आणि त्यांना त्याचं समाधान वाटलेलं दिसलं. शेवटी तळघर. लांब टेबल रिकामं, लाकडी चौकट भिंतीला टेकवलेली, त्यात कागद नाही. छताला नुसता दिवा, साडेपाच वर्षं बिनकाचेचा.

अनामत रकमेला तिकडे काउत्सिओन म्हणतात, ती घर सोडताना घरमालकाने परत करायची असते. माझी तीन महिन्यांच्या भाड्याएवढी होती. सामंत मांडणी करत होते तेव्हा मी म्हटलं, काका, यातून सहाशे चाळीस वळते करून घ्या. मला ते जड होतंय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडून घेतले, तर ती चूक तुमची होईल. मग मी तेव्हा मैदानावर काय केलं? खोटं बोललो, एवढंच उरेल." मग म्हणाले, "आल्झो, कधीकधी पोटात लागलेलंही वाचतं म्हणे. पातं आतडी चुकवून गेलं तर. असेलही."

असेलही हा शब्द त्यांनी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांचा शब्द ‘आहे’ किंवा ‘नाही’, एवढाच होता.

खाली फाटकाशी आम्ही निरोप घेतला. हेल्गाकाकूंनी इराला जवळ घेतलं. सामंतांनी माझा हात हातात घेतला, पण हलवला नाही. उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी जिथे धनुष्य टेकतं ती जागा त्यांनी दाबून पाहिली, डॉक्टर बघतात तशी. "सैल आहे," म्हणाले. "चांगला हात आहे." आणि निळ्या कोटाच्या खिशात दोन्ही हात घालून घरात गेले. व्हर्नियर खिशातच होता, दाराच्या चौकटीला तो लागल्याचा आवाज मला आला.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. हेल्गाकाकूंचा फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

युबरगाबेचा कागद माझ्याकडे आहे. त्यावर वजावट एकच आहे, दोघांच्या सह्या आहेत. हरणाचे सहाशे चाळीस युरो भास्कर सामंतांनी हंगेरीतल्या कचेरीला भरले. मी भास्कर सामंतांना दिले ते बारा युरो, तळघरातल्या दिव्याच्या काचेचे.